भोवत्यांचं गवत

लोकांना वाटतं, पक्षी पाहणं म्हणजे शांत माणसाचा छंद. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, हातात वही आणि चेहऱ्यावर एकदम सात्त्विक भाव. अमरावतीच्या कोर्टातले माझे दोस्तही म्हणतात, वकील साहेब, आठवडाभर भांडता आणि रविवारी पाखरं पाहून मन निवांत करता, बरं आहे बुवा तुमचं. कसलं निवांत? हिवाळ्यातल्या वऱ्हाडात मी जेवढी मारामारी पाहिली, तेवढी पंचवीस वर्षं फौजदारी वकिली करूनही पाहिली नाही. कोर्टात निदान जखमा कागदावर असतात.

खाटीक नावाचा पक्षी आहे. मुठीएवढा, डोळ्यावर काळी पट्टी. बाभळीच्या काट्यावर जिवंत नाकतोडा टोचून ठेवतो, एक झाला की दुसरा, आणि भूक लागेल तसा येऊन एकेकाचे लचके तोडतो. तोवर ते पाय हलवत असतात. बाळापूरच्या किल्ल्याखाली चहा पीत उभा होतो, तेव्हा बुरजावरून उडालेल्या पारव्याला ससाण्यानं हवेतच असा हाणला की आवाज मला खाली ऐकू आला, ओल्या गोधडीवर काठी मारावी तसा. पिसं सावकाश खाली येत राहिली. एक माझ्या चहात पडलं. मी ते बोटानं काढून फेकलं आणि चहा संपवला. कौंडण्यपूरला नदीकाठी गाडी लावली, तर एका दयाळ पक्ष्याला आरशात स्वतःचंच तोंड दिसलं. तो त्या तोंडाला चोचीनं इतका मारत सुटला की काचेला रक्त लागलं. शेवटी मी आरशावर रुमाल बांधला. हे सगळं मला आवडायचं. खोटं कशाला बोलू? कोर्टात मला जे करता येत नाही ते ही पाखरं उघड्यावर करतात, असं काहीतरी वाटायचं.

भोवत्या हा हिवाळ्यात येणारा शिकारी पक्षी. या वर्षीचा पहिला मला मागच्या मंगळवारी दिसला. दर्यापूरच्या पुढचा रस्ता, सकाळची वेळ, दोन्हीकडे तूर फुलावर आलेली आणि तिच्यामागे हरभऱ्याची काळी रानं. तुरीच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून तो तरंगत आला. नर होता. राखेच्या रंगाचा, पंखांची टोकं काळी, मान खाली घालून ओळीओळीनं रान झाडत चाललेला. मध्येच पंख मिटले, खाली पडला, आणि उठला तेव्हा पायात काहीतरी वळवळत होतं. पूर्वी असतं तर मी गाडीला असा ब्रेक मारला असता की मागच्या ट्रकवाल्यानं माझा बाप काढला असता. या वेळी थांबलो नाही. मी काच वर केली. मी तालुक्याच्या कोर्टात चाललो होतो. माझी केस नव्हती. केस पुंजाजीभाऊची होती.

पुंजाजीभाऊ माझा जुना पक्षकार. चुलतभावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद होता, तो मी लढलो आणि जिंकलो. त्यानंतर आमचं जमलं. त्याची जमीन खारपाण पट्ट्यातली. विहीर खणली तर खारं पाणी लागतं. पावसाची ओल जमिनीत जेवढी मुरली तेवढ्यावर हरभरा पिकवायचा, असा तिकडचा रिवाज. त्याच्या शेताच्या शेवटाला चारेक एकराचा तुकडा चोपण होता, नुसता पांढरा पडलेला. पेरलेलं उगवायचं नाही, गवत मात्र कंबरेएवढं. एका हिवाळ्यात तो मला तिकडे घेऊन गेला. म्हणाला, साहेब, तुमाले पाखराचा शौक हाय, एक गंमत दाखवतो.

सूर्य तुरीआड गेला आणि ते यायला लागले. एक उत्तरेकडून, दोन नदीकडून, मग मोजणं सोडून दिलं. दिवसभर पाचपन्नास गावांच्या रानात मारत हिंडणारे भोवत्ये रात्रीपुरते त्या गवतात जमिनीवर उतरत होते. झाडावर बसत नाहीत ते. गवतात एकेकाची ठरलेली बैठक असते, आणि त्या बैठकीवरून भांडणं. वरून एक उतरला की आधी बसलेला नख्या वर करून उठायचा, दोघं हवेत पायात पाय अडकवून गिरक्या घेत खाली यायचे. किंचाळ्या ऐकून अंगावर काटा आला. मध्य आशियातून हजारो मैल उडून यायचं आणि इथं आमच्या चोपण जमिनीच्या वीतभर तुकड्यासाठी एकमेकांचे डोळे फोडायला निघायचं. मी पुंजाजीभाऊला म्हणालो, ही तर तुझ्या चुलतभावाची जात दिसते. तो पोट धरून हसला.

तेव्हापासून दर हिवाळ्यात दोनचार रविवार मी तिथं. वहीत नोंदी. कोणता नर, कोणती मादी, कोणतं याच वर्षीचं पिल्लू, कोणाच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा किती रुंद. अमरावतीच्या पक्षीवाल्यांत माझा दबदबा होता. कोणी अंधूक फोटो टाकला की शेवटचा शब्द माझा. आणि मी काय धंद्याचा माणूस? साक्षीदाराला पिंजऱ्यात उभा करून, तू पाहिलं ते कशावरून पाहिलं, असं विचारत त्याच्या डोळ्यावरचा त्याचाच विश्वास उडवणारा. आठवड्याचे सहा दिवस मी दुसऱ्यांची ओळख खोटी पाडायचो आणि सातव्या दिवशी माझी ओळख कधी चुकतच नाही अशा तोऱ्यात फिरायचो. ही विसंगती तेव्हा माझ्या ध्यानातही आली नाही.

तीन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा. थंडी कडक होती. पुंजाजीभाऊनं रोडग्याचं जेवण ठेवलं होतं. शेतातच गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, वर वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. घर शेताला लागूनच. अंगणात वहिनींच्या गावरान कोंबड्या. वहिनी म्हणजे पुंजाजीभाऊची बायको. बोलायला कमी, नजरेला तिखट. कोंबड्या म्हणजे तिचा जीव. एकेकीला नाव ठेवलेलं. त्या महिन्यात तिची पिल्लं रोज जात होती. एक कोंबडी तर पिल्लासाठी मध्ये पडली आणि तिचं टाळकं फुटलं होतं. वहिनींनी हळद लावून तिला टोपलीत ठेवली होती, पण दुसऱ्या दिवशी ती मेली. हे वहिनी रोडगे भाजता भाजता सांगत होत्या.

नेमकं तेव्हाच गवताकडून एक भोवत्याची मादी अंगणाच्या कुंपणावरून गेली. तपकिरी, बुडाशी पांढरी, आणि पायात काहीतरी पिवळसर लोंबत होतं. माझ्या हातात रोडगा होता. तो तसाच धरून मी उभा राहिलो आणि म्हणालो, हा घ्या तुमचा चोर. सगळे जेवणारे त्या दिशेला पाहायला लागले. पुंजाजीभाऊचे दोन शेजारीही होते. मी मग सविस्तर सुरू झालो. भोवत्या खालून उडतो, कुंपणावरून अचानक येतो, कोंबडीला वर पाहायची सवय, त्यामुळे तिला कळत नाही. ऐकणारे माना डोलावत होते. बोलणाऱ्याला अजून काय लागतं?

वहिनी चुलीकडून म्हणाल्या, "हे नाही होय थे. येते थे बारीक असते. त्याचे डोये लाल असते."

आता मी काय करायला हवं होतं? गप्प बसून ऐकायला हवं होतं. ती बाई रोज त्या अंगणात होती, मी महिन्यातून एकदा. पण मला चेव आला. मी तिथं, रोडग्याच्या पंगतीत, तिची उलटतपासणी घेतली. किती लांबून पाहिलं? ऊन कुठून येत होतं? डोळे लाल दिसले म्हणता, मग शेपटीवर पट्टे किती होते? छाती कशी होती, आडव्या रेघांची की उभ्या? पिल्लू नेताना तुम्ही कोंबडीकडे पाहत होता की पाखराकडे? चष्मा केव्हा लागला? ती एकेका प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करत होती आणि मी उत्तर पुरं होऊ देत नव्हतो. शेजारी हसायला लागले. पुंजाजीभाऊही हसला. कोर्टात मी असा साक्षीदार पाच मिनिटांत खाली उतरवतो, तिला तीनच मिनिटं लागली. शेवटी ती म्हणाली, असंन बापा, आणि रोडगे उलटवायला निखाऱ्यावर वाकली. भाजीला तिखट कमी पडलंय असंही मी म्हणालो. त्या दुपारी मी फार खुशीत गाडी चालवत घरी आलो.

पुढच्या रविवारी मी दोन माणसांना भोवत्यांचं गवत दाखवायला नेलं. एक वंदना मॅडम, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. दुसरे दाताचे डॉक्टर, त्यांच्याकडे दोन हात लांबीचा कॅमेरा. रस्ताभर मी बढाया मारत होतो. वळणावरून पाहिलं, तर गवत नव्हतं. चार एकर काळंभोर, वर अजून जळका वास. गाडी थांबायच्या आत मी उतरलो. राखेत पाऊल टाकलं की बूट काळे होत होते. पहिला मेलेला नर मला कडेलाच सापडला. पंखांची काळी टोकं जळून पिसांच्या नुसत्या दांड्या राहिल्या होत्या, पायाच्या नख्या मुठीसारख्या आवळलेल्या. त्याच्या पुढे एक मादी, डोकं चेचलेली. हे आगीचं काम नव्हतं, काठीचं होतं. मग आणखी. डॉक्टर फोटो काढत मोजत होते, अकरापर्यंत मोजल्याचं मी ऐकलं. गवतात उतरलेला भोवत्या पोट भरलेला, जड असतो, एकदम उठत नाही. चारी बाजूंनी आग लावून कडेला काठ्या घेऊन उभं राहायचं, एवढं सोपं काम. वंदना मॅडम खाली बसून रडत होत्या आणि त्यांच्या हाताला काजळी लागलेली होती.

मी घराकडे पळत सुटलो. डोक्यात रक्त चढणं म्हणतात ते त्या दिवशी कळलं. पुंजाजीभाऊ अंगणात खाटेवर बसून दोरी वळत होता. मला पाहून उठला, या साहेब म्हणाला, आणि मी त्याच्या गालावर हाणली. पूर्ण ताकदीनं. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा माणूस, त्याच्या स्वतःच्या अंगणात, त्याच्या बायकोसमोर. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा त्यानं तो धरला नाही की तोंड वळवलं नाही. उभा राहिला. वहिनी मध्ये आली.

"त्याहिले कावून मारता?" ती म्हणाली. "सांगतलं त तुमीच होतं."

मी काहीतरी ओरडलो. मी जाळायला सांगितलं होतं का, असंच काहीतरी. पुंजाजीभाऊ शांतपणे म्हणाला की तुम्ही फक्त चोर सांगितला, शिक्षा आम्ही केली. शेजारी आले, तिघांनी मिळून केलं. आणि मग वहिनी मला हाताला धरून, अक्षरशः मनगट धरून, कोपऱ्यातल्या डाल्यापाशी घेऊन गेली. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं, वर दगड ठेवलेला. आत काहीतरी फडफडत होतं. ती म्हणाली, आग लावली त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा पिल्लं जायला लागली. आज सकाळी पिल्लाला धरून बसलं होतं, तेवढ्यात मी डालं टाकलं.

मी वाकून फटीतून पाहिलं. शिक्रा होता. नर. पारव्याएवढा, पाठ राखाडी, छातीवर आडव्या तांबूस रेघा. अर्धं खाल्लेलं पिल्लू पायाखाली दाबून तो माझ्याकडे पाहत होता आणि त्याचे डोळे लालभडक होते. बारीक पाखरू, लाल डोळे. एका वाक्यात तिनं पंगतीत सगळं सांगितलं होतं. त्यावर मी तिला शेपटीचे पट्टे विचारले होते.

तेवढ्यात वंदना मॅडम आणि डॉक्टर अंगणात आले. मॅडमनी विचारलं, आग कोणी लावली? मी त्यांच्याकडे पाठ करून उभा होतो. वळलो आणि म्हणालो की धुरा जाळताना वारा फिरला असेल, या दिवसांत होतं असं. किती सहज निघालं तोंडातून! इतक्या वर्षांची सवय. वरून कोणाला वाटलं असतं की मी पुंजाजीभाऊला वाचवतोय. मी कोणाला वाचवत होतो ते मला ठाऊक होतं, आणि त्या अंगणात आणखी दोघांना ठाऊक होतं.

पुंजाजीभाऊच्या गालावर माझी बोटं उठली होती. तो म्हणाला, "वारा गिरा काही नाही. मी लावली. कोंबड्या नेते असं वाटलं मले."

असं कोणी सांगितलं, डॉक्टरांनी विचारलं.

"कोणी नाही. माह्याच मनानं."

शेजाऱ्यांचीही नावं त्यानं घेतली नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. वहिनीनं दगड बाजूला केला आणि डालं उचललं. शिक्रा पिल्लू तिथंच टाकून निंबावर जाऊन बसला आणि अंगणातल्या सगळ्या कोंबड्या एकदम ओरडायला लागल्या. ती राहिलेलं पिल्लू उचलून उकिरड्याकडे गेली.

वंदना मॅडमनी तक्रार केली. करायलाच हवी होती. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, मेलेले भोवत्ये पोत्यात भरून नेले आणि पुंजाजीभाऊवर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा लागला. मी दुसऱ्याच दिवशी त्याला फोन केला. वकीलपत्र मी घेतो म्हणालो, फी नको, काही नको.

"तुमी नका घेऊ साहेब," तो म्हणाला. "तुमी माह्या बाजूनं उभे राहिले, त मले खरं बोला लागन."

मी अकोल्याच्या एका वकिलाचं नाव सुचवलं. फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण बरंच वाटलं होतं. त्या रात्री पोटभर जेवलो.

त्यानंतरचे हिवाळे मी टेकडीवरची पाखरं पाहतो, शहराजवळची. दुर्बीण लावतो, पण नाव तोंडातून पटकन निघत नाही. कोणी फोटो पाठवला तर म्हणतो, नक्की सांगता येत नाही. लोक म्हणतात, वकील साहेब आता नम्र झाले. कसचा नम्र! खाटकानं काट्यावर टोचलेला नाकतोडा दिसला की मी मान वळवतो, एवढाच फरक. मारणाऱ्याचं नाव ठाऊक असलं की पूर्वी जी मजा यायची, ती मेली. गवताच्या त्या तुकड्यावरून आता पुंजाजीभाऊनं नांगर फिरवलाय. उगवत काहीच नाही. भोवत्ये संध्याकाळी वरून दोन घिरट्या घालतात म्हणे, आणि पुढे जातात.

तर मंगळवारी वहिनीची साक्ष होती. वनखात्यानंच तिला साक्षीदार केलं होतं, आग लागली तेव्हा ती घरी होती म्हणून. मी अंगात कोट न घालता गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. पुंजाजीभाऊ आरोपीच्या जागी उभा होता, वाळला होता. वहिनी पिंजऱ्यात चढली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. हात कठड्यावर घट्ट. सरकारी वकील तरुण होता, पण पोरगा तयारीचा. आग, काठ्या, वेळ, सगळं नीट विचारत आणलं. मग त्यानं तोच प्रश्न विचारला जो मी त्याच्या जागी असतो तर विचारला असता. कोंबड्या नेणारं पाखरू हेच, असं आग लावण्याआधी कोणी म्हणालं होतं का? आणि तुम्ही स्वतः ते पाखरू पाहिलं होतं, तर तुम्ही काही बोलल्या का नाहीत?

न्यायाधीशांनी वर पाहिलं. वहिनीची नजर सगळ्या कोर्टावरून फिरत माझ्यापाशी येऊन थांबली. मी त्या बाकावर उठून उभा राहू शकत होतो. मला कोणी अडवलं नसतं. साक्षीदाराच्या यादीत नाव नसलेला माणूसही उठून सांगू शकतो की साहेब, मला काही सांगायचं आहे. हे मला तिथल्या प्रत्येकापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"कोणी नाही म्हनलं," ती म्हणाली. "आनं मी काय बोलू साहेब? मले पाखरं ओयखता येत नाही."

न्यायाधीशांनी ते लेखनिकाला सांगितलं, तो टंकत गेला. माझ्यासमोर बसलेला कोणीतरी बाईच्या अडाणीपणाला हळूच हसला. मी बसून राहिलो.